परबची पाटी

प्राजक्ताचे तीन मिस्ड कॉल मला दिसले तेव्हा माझ्या केसांतून अजून पाणी गळत होतं. आमच्या तरणतलावावर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे सकाळी साडेसहा ते साडेसात मी कोणालाच सापडत नाही. मोहन परब त्याच तासात गेला. कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसून मी त्याच्या मुलीला फोन लावला. ती रडत नव्हती. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. तो दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होता. आमच्या इमारतीच्या जिन्यात पडून त्याचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, मग न्यूमोनिया झाला. हे सगळं मला माहीत होतं, रोज संध्याकाळी मी तिथे जाऊन बसत होतो. तरी मूर्खासारखं विचारलं, "कशाने गं?" ती म्हणाली, "कशाने म्हणजे काय, काका... तोच पाय. तो पाय धड असता तर पडले असते का?"

तोच पाय. हे दोन शब्द ऐकून सात आठवडे झाले, आणि या सात आठवड्यांत मी सलग चार तास झोपलो असेन असं वाटत नाही. परबचा डावा पाय तीन वर्षांपूर्वी कामातून गेला. साठी उलटल्यावर आम्हा दोघांना पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राखाली उतरायचा नाद लागला होता, आणि तशाच एका डाइव्हमध्ये हे झालं. मुलुंडच्या आमच्या सकाळच्या बॅचमध्ये, सोसायटीत, परबच्या घरात त्या दिवसाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. परबने ॲडव्हान्स्डचं कार्ड मिळवलं, आपण आता तयार झालो असं त्याला वाटलं, तो नको तेवढा खोल गेला, घाबरून भसकन वर आला आणि पाय गमावून बसला. बरोबर तायडे होते म्हणून निदान जीव तरी वाचला. तायडे म्हणजे मी. ही गोष्ट खोटी आहे आणि ती मीच रचलेली आहे. ती खोडून काढायला हा लेख लिहितो आहे. परबविषयी लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण आधी हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आमची ओळख चाळीस वर्षांची. मी मूळचा अकोल्याकडचा, टेलिफोन खात्यात केबल जोडण्याच्या कामावर लागलो आणि मुंबईत आलो. परब मालवणकडचा, वडील गिरणीत, हा लिफ्टच्या देखभालीच्या कामात. मुलुंड पूर्वेला तो राहायचा त्या इमारतीत एक खोली भाड्याने मिळत होती. मालकाने माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग "बघू, दोन दिवसांनी सांगतो" म्हणाला. असे दोन दिवस मी त्याआधी चार ठिकाणी ऐकले होते. परब जिन्यातून खाली येत होता, हातात पान्ह्यांची पिशवी. तो थांबला. आमची ओळख म्हणजे एकदा नाक्यावर चहा प्यायलो होतो, तेवढीच. मालकाला म्हणाला, "बघायचंय काय त्यात? माझो माणूस हा. त्याची काय अडचण झाली तर माझ्याकडे या." मालकाने किल्ली दिली. पुढे त्याच इमारतीत मी स्वतःची जागा घेतली. त्या एका वाक्यात मी चाळीस वर्षं राहिलो असं म्हटलं तरी चालेल. आणि त्यातूनच आमच्यात एक न बोललेला नियम झाला... चारचौघांत एकमेकांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. घरी आल्यावर काय ते बोलायचं. परबने घरी आल्यावर मला पुष्कळ बोलून घेतलं आहे, पण लोकांसमोर कधी नाही.

लिफ्टच्या कामाने त्याला एक सवय लावली होती. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या आधी तो मेन स्विच बंद करायचा, फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. वरचा माणूस "बंद केलंय" म्हणाला तरी तो जिने चढून वर जायचा. मी एकदा विचारलं, "तुझा स्वतःच्या माणसांवर विश्वास नाही का रे?" तर म्हणाला, "विश्वास असा ना. म्हणूनच फ्यूज खिशात. उद्या त्याच्या हातून चूक झाली तर आयुष्यभर त्याने काय करायचं?" हे वाक्य मी त्या वेळी हसण्यावारी नेलं.

पोहायला मी चाळिशीनंतर शिकलो, तेही परबने तलावावर ओढून नेलं म्हणून. आमच्या गावी विहिरी दोन होत्या, आणि आमची उथळ होती. उन्हाळ्यात तिच्यात पोहणं सोडा, घागर बुडायची मारामार. त्यामुळे पाणी ही माझी जागा नव्हेच. पण एकदा शिकलो आणि वेड लागलं. निवृत्त झाल्यावर बॅचमधली पाचसहा जणं मालवणला गेलो, डॉक्टरचा दाखला घेऊन स्कूबाचा पहिला कोर्स केला. त्या कोर्सवर अठरा मीटरपर्यंत उतरता येतं. पाण्याखाली मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने बाहेर काढायची एक परीक्षा असते. परबने ती सहज केली. मी दोनदा धडपडत वर आलो, तिसऱ्यांदा कसाबसा पास झालो. शिकवणारी मुलगी पंचवीस वर्षांची असेल. ती चांगली होती, "अंकल, टेक युअर टाइम" म्हणायची. मला ते फार लागायचं.

दोन वर्षांनी परबने पुढचा, ॲडव्हान्स्डचा कोर्स करायचा म्हणून घोषणा केली. तलावासमोरच्या टपरीवर पोहे खाताखाता. मी म्हटलं, "तुला काय नोकरी लावायचीय? मासे काय सर्टिफिकेट मागतात?" बॅच हसली. माझं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं आजही वाटत नाही. हा कोर्स म्हणजे दोन-तीन दिवसांत पाच डाइव्ह. आयुष्यात एकूण नऊ वेळा पाण्यात उतरलेला माणूस ॲडव्हान्स्ड म्हणून मिरवतो, असे नमुने आम्ही पाहिले होते. आणि ज्याला दहा-बारा मीटरवर प्रवाळ नि मासे बघून सुखाने वर यायचंय त्याला पहिला कोर्स पुरतो. परबही हे नाकारत नव्हता. म्हणाला, "नाव उगाच मोठं ठेवलंय रे. ॲडव्हान्स्ड कसलं, ही दुसरी यत्ता. पण तू पहिलीत नापास होता होता वाचलास, म्हणून तुका दुसरीची भीती." पुन्हा बॅच हसली. मीही हसलो. घरी जाताना त्याला म्हटलं, "जन्मभर दाखले जोडत आलोय मोहन. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, साक्षांकित प्रती. आता म्हातारपणी पाण्यात उतरायला पण दाखला? मी नाही करणार." पुन्हा कधी त्याने आग्रह केला नाही. ते कारण खरं होतं, पण ते खरं असूनही त्याच्या आड मी दुसरं कारण लपवलं होतं, जे परबने हसतहसत सांगून टाकलं होतं. मला त्या मास्कची भीती होती. तरुण पोरांसमोर नापास होण्याची भीती होती.

कोर्स करून आला तेव्हा त्याच्याकडे एक पांढरी प्लास्टिकची पाटी होती, हाताच्या पंजाएवढी, तिला दोरीने बांधलेली पेन्सिल. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून लिहायला. मला दाखवत म्हणाला, "एक गंमत सांगतो. सरांनी वरती मला एक वजाबाकी दिली. शंभरातून सात, सात, सात कमी करत जायचं. बारा सेकंदांत सहा आकडे लिहिले. मग तीस मीटरवर नेऊन तेच करायला लावलं. चाळीस सेकंद लागले, आणि दोन आकडे चुकीचे."

"मग? बावळट झालास म्हणजे. त्यात नवीन काय?"

"बावळट झालो ते नाय रे. बावळट झालो ते मला कळलं नाय. मला वाटत होतं, मी वरच्यापेक्षा फास्ट करतोय. खोलात हवेचा असा अंमल चढतो, दारूसारखा. आणि कोणीतरी बाजूला घड्याळ लावून उभा असल्याशिवाय तुला तो समजत नाय. त्या कार्डात काय नाय, तायड्या. पण पाच वेळा कोणीतरी तुझ्यावर लक्ष ठेवून तुला तुझी चूक दाखवतो, त्यात आहे."

मी ती पाटी हातात घेऊन बघितली. वरच्या कडेला त्याने बारीक अक्षरात कायमचे दोन प्रश्न लिहून ठेवले होते. हवा किती? वर कधी? प्रत्येक डाइव्हनंतर तो बाकीची पाटी भांडी घासायच्या पावडरीने घासून स्वच्छ करायचा, ते दोन प्रश्न पुसले गेले की पुन्हा लिहायचा.

आता तो दिवस. कर्नाटकच्या किनाऱ्याजवळ एका बेटाला आम्ही गेलो होतो. बोटीवर आमच्या बॅचचे आम्ही दोघंच, बाकी तरुण मुलं. सकाळची पहिली डाइव्ह परबने केली. मी बोट लागून उलट्या करत बसलो होतो. दुसऱ्या डाइव्हच्या वेळी, आम्हाला पाण्याखाली नेणाऱ्या लीडरने दोन गट पाडले. ज्यांच्याकडे ॲडव्हान्स्ड आहे ते त्याच्याबरोबर बेटाच्या बाहेरच्या कड्याला, सुमारे तीस मीटर. बाकीचे त्याच्या मदतनिसाबरोबर आतल्या बाजूला, बारा मीटर. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "अंकल, आप उथले साइड में, बच्चों के साथ." तसं त्याने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. ती कॉलेजची मुलं होती, पहिल्यांदाच आलेली. पण मला ते ऐकवलं नाही. मी म्हटलं, "मेरा भी ॲडव्हान्स्ड है. कार्ड घर पे रह गया." तो घुटमळला. मग मी ते वाक्य बोललो जे गेली तीन वर्षं माझ्या कानात आहे: "इनको पूछो. हम दोनों ने साथ में किया."

लीडर परबकडे बघायला लागला. परबने माझ्याकडे बघितलं. दोन क्षण असतील. जो माणूस स्वतःच्या हाताखालच्या माणसाच्या "बंद आहे" या शब्दावर खड्ड्यात उतरत नव्हता, त्याने मान हलवली. चारचौघांत माझा शब्द त्याने पडू दिला नाही. लीडर गेल्यावर माझ्या टाकी बांधलेल्या, हवेने फुगवायच्या जॅकेटचे पट्टे ओढताना तो हळूच म्हणाला, "मेल्या, घरी चल मग बघतो तुला. माझ्या हातभर अंतरात राहायचं. शंभरावर हवा आली की लगेच सांगायचं." मी म्हटलं, "हो रे, आजीबाई."

खोल गेलं की तीच टाकी लवकर संपते, हे मला वाचून माहीत होतं. अनुभव नव्हता. शिवाय मी घाबरलेला होतो आणि धापा टाकल्यासारखा श्वास घेत होतो. भरल्या टाकीत हवेचा दाब दोनशे बार असतो, काटा शंभरावर आला की लीडरला सांगायचं आणि सगळ्यांनी परत फिरायचं, असं ठरलं होतं. कड्याजवळ पोहोचून फार वेळ झाला नसेल, परबने पाटी माझ्यासमोर धरली आणि पहिल्या प्रश्नावर बोट ठेवलं. हवा किती? मी माझ्या टाकीचा काटा बघितला. साठ. बाकी सगळे आमच्या पुढे, निवांत होते. माझ्यामुळे सगळ्यांना वर जावं लागणार, आणि वर गेल्यावर लीडरला कळणार की हा म्हातारा इथला नव्हे... मी बोटांनी खूण केली. एक, दोन, मूठ. एकशेवीस. परबने ते पाटीवर लिहिलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढून पाटी पुन्हा माझ्यासमोर धरली. मी अंगठा नि तर्जनी जुळवून दाखवलं. ओके.

पुष्कळदा मी स्वतःला समजावलं आहे की तो खोलीचा अंमल होता. डोकं चालत नव्हतं, आकडा चुकला. परब स्वतः सांगायचा ना, खाली माणूस बावळट होतो आणि त्याला कळत नाही. पण बोटीवर मी काय बोललो? तिथे तर खोली शून्य होती. आणि काट्यावर साठ होते हे मला आज इतकं स्वच्छ आठवतं की अंमलाचं नाव घ्यायची लाज वाटते.

चार-पाच मिनिटांत श्वास ओढायला जड जायला लागला. टाकी संपत आली की असं होतं. मी परबला खूणसुद्धा केली नाही. जॅकेटमध्ये उरलीसुरली हवा भरली आणि पाय मारत वर निघालो. वर जाताना ती हवा फुगत जाते आणि माणूस बुचासारखा सुटतो. परबने माझा पट्टा पकडला. त्याच्या टाकीची श्वास घ्यायची जास्तीची नळी माझ्या तोंडात कोंबली, एका हाताने माझ्या जॅकेटमधली हवा सोडत राहिला. त्याने मला सोडून द्यायला हवं होतं. हे मी नंतर एका शिकवणाऱ्याला विचारलं, कोणाचंही नाव न घेता. तो म्हणाला, वर सुटलेल्याला थांबवता येत नसेल तर त्याचा पट्टा सोडायचा, नाहीतर दोघंही जातात. परबला हे माहीत असणार. त्याने पट्टा सोडला नाही. त्याच्यामुळे आमचा वेग कमी झाला, पण पुरेसा नाही, आणि खोलात अंगात मुरलेला वायू सावकाश बाहेर पडावा म्हणून पाच मीटरवर जे तीन मिनिटं थांबायचं असतं ते राहूनच गेलं. दहा-पंधरा मिनिटांत बोटीवर त्याच्या डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या. मग पाय जाणवेनासा झाला. सकाळच्या पहिल्या डाइव्हचा वायू त्याच्या अंगात शिल्लक होता, म्हणून त्याला बाधला आणि मला नाही, असं डॉक्टर पुढे म्हणाले.

लीडर बाकीच्यांना घेऊन वर आला तोवर परबच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. माझी रिकामी टाकी इतर टाक्यांमध्ये जाऊन पडली होती. "क्या हुआ?" लीडरने मला विचारलं. मी म्हणालो, "ये एकदम ऊपर निकला. मैं पकडने गया." विचार करून बोललो असं नाही. तोंडातून आलं. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. परब आडवा पडून माझ्याकडे बघत होता. मास्क बाजूला करून तो एक शब्द बोलला असता तर... त्याने डोळे मिटून घेतले.

पुढे प्रेशर चेंबरमधले उपचार, महिनोन् महिने व्यायाम, शेवटी काठी. मुलुंडला परतल्यावर लोकांनी विचारलं आणि मी तीच गोष्ट सांगितली, दर वेळी थोडी आणखी रंगवून. सुनंदावहिनींना, परबच्या बायकोला, मीच सांगितली. त्यांनी माझे हात धरले आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही होतात म्हणून."

एकदाच मी तोंड उघडलं. इमारतीखालच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, काठी त्याच्या गुडघ्यांमध्ये. मी म्हटलं, "मोहन, त्या दिवशी बोटीवर मी जे..."

"तायड्या," तो म्हणाला, "मान मी हलवली ना? फ्यूज माझ्या खिशात नव्हता. विषय संपला."

"तुझा संपला असेल."

"मग तू चालू ठेव. माका भूक लागली, वर चल. तुझी वहिनी आज बांगडे करता."

मी वर गेलो आणि बांगडे खाल्ले. तो सुटका करतो आहे असं मी समजलो आणि सुटून गेलो.

त्याच्या शोकसभेत सोसायटीच्या हॉलमध्ये मी माईकवर बोललो. पुन्हा तेच. परबला धाडसाची हौस, कार्ड मिळाल्यावर तर काय, वगैरे. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. सभा संपल्यावर बॅचमधल्या शेट्येबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी ॲडव्हान्स्ड कोर्ससाठी नाव दिलं होतं. म्हणाल्या, "तायडे, मी रद्द केला हो कोर्स. परबांचं बघून वाटलं, नकोच. त्या कार्डाने माणसाला उगाच चेव येतो." मी विचारलं, "मग पुढच्या महिन्यातली ट्रिप?" त्या म्हणाल्या, "ट्रिपला जाणारच ना. आता तिथे कोणी कार्ड-बिर्ड बघत नाही म्हणतात. तुमच्यासारखी शांत डोक्याची माणसं बरोबर असली की झालं." तीन वर्षांत मला पहिल्यांदा दिसलं की माझं खोटं परबच्या पायाशी थांबलेलं नाही. ते आता दुसऱ्या कोणाचा तरी हात धरून खोल पाण्यात उतरायला निघालं होतं.

दोन दिवसांनी वहिनींनी बोलावलं. परबची डाइव्हिंगची पिशवी बाल्कनीत खिळ्याला टांगलेली होती, तीन वर्षं कोणी काढली नव्हती. "हे घेऊन जा," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोर नको." मी पिशवी उघडली. सूट, मास्क, आणि तळाशी ती पाटी. वर ते दोन प्रश्न. आणि खाली, पेन्सिलीने, थोडं वाकडं: १२०?

प्रत्येक डाइव्हनंतर पावडरीने घासणाऱ्या माणसाने ती पाटी तशीच ठेवली होती. माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून ठेवली असेल असं मला वाटत नाही. त्याला पुसवलं नसेल. का, ते विचारायला आता कोणी नाही. मी बाल्कनीतच खाली बसलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. बोटीवरचं, साठाचं, पट्ट्याचं, सगळं.

त्यांनी आत जाऊन चहा टाकला नाही. चाळीस वर्षांत त्या घरात असं पहिल्यांदा झालं. मग म्हणाल्या, "त्यांचा पाय अडखळला ना, की मी म्हणायचे... घ्या, अजून एक सर्टिफिकेट घ्या. दर वेळी म्हणायचे. पाहुण्यांसमोर म्हणायचे."

मी म्हटलं, "वहिनी, मला माफ..."

"माझ्याकडे मागू नका. तुम्ही माझ्याकडे मागाल, भावजी. मी कोणाकडे मागू?"

मी जायला उठलो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "मला एकटीला सांगून उपयोग नाही," म्हणाल्या. "हॉलमध्ये माईकवरून बोललात ना? जिथे जिथे सांगितलंत, तिथे तिथे जाऊन सांगा. आणि पाटी घेऊन जा, पण पुसू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पायऱ्यांवर सगळी बॅच बसली असताना मी सांगितलं. कोणी हसलं नाही, कोणी पाठीवर हात ठेवला नाही. शेट्येबाईंनी विचारलं, "म्हणजे मी कोर्स रद्द केला तो तुमच्या थापेवर?" मी हो म्हटलं. "मग आता मी काय करू ते पण तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "एकतर कोर्स करा, नाहीतर बारा मीटरवर सुखाने पोहा, दोन्हींत कमीपणा नाही. पण जे आहात तेच सांगा. आणि खाली कोणी हवा किती विचारलं तर काट्यावरचा आकडा दाखवा." त्या उठून गेल्या. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. ट्रिप दहा दिवसांवर आली आहे. त्यांनी काय ठरवलं ते मला कोणी सांगत नाही, आणि विचारायची सोय मी ठेवलेली नाही. रोज सकाळी मी त्यांची टोपी तलावात दिसते का बघतो. प्राजक्ताचाही फोन येत नाही. तिला तिच्या आईने सांगितलं असणार.

राहिलेली माणसं कुठे कुठे आहेत, मला माहीत नाही. बोटीवरची ती कॉलेजची मुलं, तो लीडर, हॉलमधले पाहुणे. म्हणून इथे लिहिलं. मोहन परब फाजील धाडसाने खोल गेला नाही. त्याला जेवढं शिकवलं होतं तेवढ्याच खोलीवर तो होता, त्याच्या टाकीत भरपूर हवा होती, आणि त्याचं डोकं ठिकाणावर होतं. तो वर आला तो माझा पट्टा हातात होता म्हणून.

पाटी माझ्या टेबलावर आहे. तिची पेन्सिल अजून लिहिते. काल दुपारी मी ती हातात घेतली. त्याच्या प्रश्नचिन्हाला धक्का लागू दिला नाही. त्याच्या खाली, जागा होती तिथे, लिहिलं: ६०.